मळ्याचे टायर, जांभ्याची घाटी

या पावसाळ्यात मी दोनदा रत्नागिरीकडे जाऊन आलो आणि दोन्ही वेळा समुद्र न बघताच परतलो. कराडातल्या मित्रांना हे सांगितलं की ते हसतात. लग्नाला जाऊन उपाशी आलास म्हणतात. एरवी मीही हसलो असतो. पण मी गेलो होतो व्याह्यांच्या जीपला चिखलाचे टायर बसवून द्यायला, आणि त्यापायी एका माणसाला आपलं घर सोडून जावं लागलं. ते आठवलं की हसण्याचं मन होत नाही. पावसाळ्यात कोकणात गाडी घेऊन जाणारे पुष्कळ असतात, त्यांच्या कामी आलं तर यावं म्हणून झालं तसं लिहून ठेवतो.

आधी माणसं सांगतो. माझं कराडात टायरचं दुकान आहे. उसाच्या ट्रॉल्या, ट्रक, जीपगाड्या, सगळं गिऱ्हाईक. गिऱ्हाईकाचं बोलणं पुरं व्हायच्या आत टायर सांगणारा माणूस अशी माझी ख्याती आहे, आणि मला तिचा चांगलाच अभिमान होता. मुलगी शुभांगी रत्नागिरीजवळच्या एका गावात दिली आहे. जावई मुंबईला नोकरीला. ती वाडीत सासूसासऱ्यांजवळ राहते, तिथली अंगणवाडी सांभाळते. तिचे सासरे, म्हणजे माझे व्याही, अनंतराव. त्यांचे थोरले भाऊ आबा त्यांच्याच घरात असतात. आबांची बायको मागेच गेली, मुलगा विलास मुंबईत. आबांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या आहेत. आठवड्यातून दोनदा त्यांना रत्नागिरीला डायलिसिसला न्यावं लागतं. एक खेप चुकली तरी पाय सुजतात आणि धाप लागते.

वाडी आहे डोंगरावर. डांबरी रस्ता सोडला की आधी भाताचा मळा लागतो. मळ्यातून गाडीवाट आहे, पण ती पावसात चिखलच होते. मळा संपला की एक पऱ्या, म्हणजे ओढा, त्यावर मोरी, आणि मोरीपासून वर वाडीपर्यंत जांभ्या दगडाची चढण. तिला तिकडे घाटी म्हणतात. पूर्वी आजारी माणसाला खुर्चीत बसवून, खुर्चीला बांबू बांधून, चौघं खांद्यावरून रस्त्यापर्यंत आणत. आता खांदे मुंबईला गेले. मागे राहिलेल्यांत निम्म्यांना स्वतःचीच गुडघेदुखी. म्हणून अनंतरावांनी जुनी चारही चाकांना ताकद असलेली जीप घेतली. उन्हाळाभर ती छान चालली. पाऊस लागला तशी मळ्यात रुतू लागली. विलासनं फोनवर सांगून टाकलं होतं की गाडी अशी अडायला लागली तर मी बाबांना मुंबईला घेऊन जाणार. आबांना जायचं नव्हतं. सगळं त्या चार चाकांवर येऊन थांबलं होतं.

अनंतरावांनी मला फोन केला. "पावणे, टायर तुमीच सांगा. मळ्यातना गाडी निघाली पायजे." पुढे ते घाटीबद्दलही काही सांगत होते. मी चिखल हा शब्द ऐकला आणि नेहमीप्रमाणे पुढचं ऐकायचं सोडलं. चारही टायर मीच घेऊन येतो, मुलीच्या घरी आहेर समजा, असं सांगून मोकळा झालो.

कुंभार्लीतून खाली

आषाढातल्या एका सकाळी टायर पिकअपमध्ये ताडपत्रीखाली बांधून निघालो. कराड सोडलं तेव्हा आमच्याकडे आभाळ नुसतं भरलेलं होतं, रानं अजून वाट बघत होती. कोयनेच्या अंगाला गेलो तशी भुरभुर सुरू झाली आणि कुंभार्लीच्या माथ्यावर पोचलो तर पुढची गाडीसुद्धा दिसेना. घाटाच्या तोंडाशी एका टपरीत गरम कांदाभजी खाल्ली. टपरीवाल्यानं पिकअपमागे जाऊन ताडपत्री उचलून पाहिली आणि एवढ्या दाताचे टायर कुणाच्या हत्तीला घेऊन चाललात म्हणून विचारलं. मला ते फार आवडलं. घाट उतरेपर्यंत मी तेच मनात घोळवत होतो.

आमच्याकडे पाऊस येतो आणि जातो. तिकडे तो राहायला येतो. पोफळीला वीजघराच्या कॉलनीपाशी पाऊस जरा ओसरला म्हणून काच खाली केली. क्वार्टरांच्या भिंती, कंपाऊंड, पायऱ्या, दिव्याच्या खांबांचे बुंधेसुद्धा हिरवेगार झालेले. मखमल पांघरल्यासारखं देखणं शेवाळ. मी फोटो काढून बायकोला पाठवला. ज्याचा धंदा रबर आणि जमीन यांची गाठ घालून देण्याचा, त्यानं तिथंच गाडी बाजूला घेऊन विचार करायला हवा होता. मी तिथं फोटो काढला.

चिपळुणात एका ओळखीच्या टायरवाल्याकडे चहाला थांबलो. त्याच्या दुकानात खाली नुसतं काउंटर आणि खुर्च्या, सगळा माल माळ्यावर. भिंतीवर छातीइतक्या उंचीला पुराच्या पाण्याची रेघ अजून दिसते. रंग देताना ती मुद्दाम तशीच ठेवली म्हणाला. पाणी शिरलं तेव्हा टायर दाराबाहेर पडून बाजारपेठेतून तरंगत गेले, ते त्यानं हसत हसत सांगितलं. असलं काही हसून सांगण्याची कोकणी माणसाची रीत मला कधी जमली नाही. आमच्याकडे दुकानात बोटभर पाणी आलं तरी आम्ही वर्षभर सरकारला शिव्या देतो.

हातखंबा

अनंतराव जीप घेऊन हातखंब्याला येऊन थांबले होते. हमरस्त्यावरून रत्नागिरीला वळायचा तो तिठा. ट्रक, टपऱ्या, गॅरेजं, पंक्चरवाले, सगळा आमच्याच जातीचा कारभार. तिथल्या एका ओळखीच्या गॅरेजात टायर चढवले. जुने उतरवले तेव्हा त्यांवर नक्षी नावालाच उरली होती. नवे बसल्यावर जीप बोटभर उंच दिसायला लागली. गॅरेजवाला दोनदा भोवती फिरला, माझ्याकडे बघून मान हलवली. अनंतराव तर लग्नातल्या मुलाकडे बघावं तसे जीपकडे बघत होते.

टायर कसा निवडतात ते इथं सांगतो, कारण सगळं त्यातच आहे. रस्त्याच्या टायरची नक्षी बारीक आणि दाट असते. तो डांबराला चिकटून चालतो, पण चिखलात गेला की नक्षी भरून जाते आणि चाक गुळगुळीत होऊन जागीच फिरतं. चिखलाच्या टायरला सुटे सुटे मोठे ठोकळे असतात आणि मध्ये रुंद खाचा. चाक फिरतं तसा चिखल खाचांतून बाहेर फेकला जातो, ठोकळे पुन्हा मोकळे. मात्र रबर कडक, आणि जमिनीला टेकतात ते नुसते ठोकळे. ओल्या गुळगुळीत जागेवर त्याला धरायला फार थोडं मिळतं. या दोहोंच्या मधला एक टायर येतो. तो चिखलातून जरा कुथत निघेल, पण ओल्या दगडावर पाय रोवेल. माझ्या दुकानात तोही होता. मी त्याच्याकडे पाहिलंही नाही. आमच्या काळ्या रानात तो टायर कोणी नेत नाही.

दगडाचा विचार मनात आलाच नाही असंही नाही. गॅरेजच्या शेजारी बांधकामाला आणलेल्या जांभ्या चिऱ्यांची थप्पी होती. मी जाऊन एका चिऱ्यावर तळवा फिरवला. सगळी भोकंच भोकं, हात खरचटला. असला दगड टायरला आपणहून धरून ठेवील, असं मी अनंतरावांना सांगितलं. तो चिरा खाणीतून नुकताच कापून आणलेला होता. घाटीचा दगड कितीतरी पिढ्यांच्या पायांनी झिजलेला आहे, हे मला ठाऊक नव्हतं आणि मी विचारलंही नाही.

वाडीत

पहिल्या चढाईची मजा मात्र खरी होती. मळ्याच्या तोंडाशी मी खाली उतरून चारही चाकांतली हवा थोडी कमी केली, म्हणजे टायर पसरतो. अनंतरावांनी जीप घातली. चिखल दोन्ही अंगांनी उडाला, लावणीला वाकलेल्या बायका कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या, आणि जीप एकदाही न अडता मोरीपाशी निघाली. पुढे घाटीही चढली. मधल्या अवघड वळणावर दगडांवर माडाचे झाप आंथरलेले होते, त्यांच्यावरून चाकं करकर करत गेली. मला वाटलं कोणीतरी झावळ्या वाळत टाकल्यात.

आबा पडवीत बसले होते. वाळलेला, उंच माणूस, मांडीवर दुमडलेली शाल. त्यांनी जीपचा आवाज खालपासून ऐकला होता. मला बघून म्हणाले, "बरां हाय ना पावणे? मळ्यात आवाज बसला नाय, तवाच समजलो." त्यांना दिवसाचं पाणी मोजून मिळायचं, एका छोट्या स्टीलच्या पेल्यानं. बाहेर आभाळ फाटलेलं आणि हा माणूस तोंड कोरडं पडू नये म्हणून लवंग चघळत बसलेला. शुभांगीनं मला चहा दिला तेव्हा मला तो त्यांच्यासमोर पिववेना. त्यांनीच खूण करून प्या म्हणून सांगितलं.

डायलिसिसच्या माणसाच्या हातात शिरा जोडून एक जागा तयार केलेली असते, सुया तिथंच टोचतात. ती जागा चालू असली की वरून हात ठेवला तरी आत थरथर लागते. आबांनी माझा हात धरून आपल्या डाव्या हातावर ठेवला. खरंच, आत बारीक गुरगुर चालू होती. "इंजन चालू हाय," ते म्हणाले आणि गालात हसले. येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ते असा हात लावायला देतात, असं शुभांगीनं मला मागाहून सांगितलं.

जेवायला तांदळाची भाकरी, कुळथाची पिठी आणि टाकळ्याची भाजी होती. आमच्याकडे व्याही घरी आला की तांबडा रस्सा उकळल्याशिवाय त्याला मान मिळाला असं वाटत नाही. इथं रानातली भाजी वाढून, वर खोबरं पेरून, काय नाय केलां हो असं म्हणतात. आणि ती पिठी मी तीनदा मागून घेतली.

पाळी

संध्याकाळी पडवीत वाडीची माणसं जमली. टायर बघायला आली असावीत असं मला वाटलं, आणि थोडी त्यासाठीही आली होती. पण मुख्य काम दुसरं होतं. पावसाळ्यात दर आठवड्याला घाटीवरचं शेवाळ खरवडायचं, पाणी वाटेवर येऊ नये म्हणून कडेचा चर मोकळा करायचा आणि वळणावर नवे झाप आंथरायचे, अशी वाडीची जुनी रीत आहे. प्रत्येक घरातून एक माणूस, आणि झाप कुणी आणायचे याची घरटी पाळी. आबा धडधाकट होते तेव्हा ते यात पुढे असत. दुसऱ्या दिवशी ते काम होतं आणि लावणी ऐन भरात आलेली. रोपं उपटून ठेवली होती, ती पिवळी पडायला लागली होती. दिवस मोडला तर लावणी मागे पडणार. पण घाटी केली नाही तर आबांची गाडी कशी उतरणार, म्हणून कोणी तोंडानं बोलत नव्हतं.

मी बोललो. कोणी विचारलं नसताना बोललो. आत्ताच तर तुम्ही बघितलंत, म्हणालो, गाडी कशी चढली ती. "आता तुमच्या घाटीला हात लावू नका. खरवडायचं काम हे टायरच करतील." दुकानात गिऱ्हाईकाला गार करायला मी जो आवाज काढतो, त्याच आवाजात हे म्हणालो. अनंतराव जरा घुटमळले. आबांनीच त्यांना थांबवलं.

"माज्यापायी लोकांची लावणी खोळंबते," आबा म्हणाले. "ह्या आठवड्याला तरी सोडा त्यांना."

त्यांचा चेहरा मला अजून दिसतो. त्या वाडीला आपलं ओझं होतंय हे त्या माणसाला किती सलत होतं, ते त्या एका वाक्यात कळलं. आणि ते ओझं आपण उतरवलं म्हणून मी मनातून फुगलो. लोक मोकळ्या मनानं उठले. एका म्हातारबांनी जाता जाता माझ्या खांद्यावर हात ठेवला. दुसऱ्या दिवशी सगळी वाडी मळ्यात होती, आणि मीही हौसेनं चार ओळी लावून पाठ धरून बसलो. त्या दिवसाइतकं सुख मला बऱ्याच दिवसांत मिळालं नव्हतं.

पाऊस थांबला नाही. चर तुंबला, पाणी घाटीवरून वाहू लागलं, जुने झाप वाहत जाऊन मोरीत अडकले. येता जाता हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं. दगडांवर हिरवं चढलं तेही मी पाहिलं. ते पोफळीसारखंच देखणं दिसत होतं.

वळण

डायलिसिसच्या सकाळी आबांना पुढच्या सीटवर बसवलं. अनंतराव गाडी चालवत होते, मागे मी आणि शुभांगी. आबांनी नवा सदरा घातला होता. वाडीत आल्यावर चाकांत पुन्हा भरलेली हवा कमी करू का असं अनंतरावांनी विचारलं, मी वर नको, खाली मळ्यात करू म्हणालो. तेही चुकलंच, कमी हवेचा टायर दगडावरही पसरून धरतो.

वळणाच्या आधी त्यांनी ब्रेकला पाय लावला आणि चाकं थांबली. गाडी मात्र थांबली नाही. आवाज नाही, धक्का नाही, नुसती घसरत कडेला चालली. ते इतकं हळू होत होतं की मला वाटलं आता थांबेल, आता थांबेल. कडेला जांभ्याचा गडगा होता, दगडावर दगड रचलेला. त्याला डावी बाजू जाऊन आदळली आणि गाडी कलून अडकली. खाली पऱ्याचं पाणी ऐकू येत होतं. गडगा नसता तर हे लिहायला मी उरलो नसतो.

शुभांगीचं कपाळ जरा खरचटलं. बाकी आम्हाला काही झालं नाही. आबांचा डावा हात दार आणि दगड यांच्यामध्ये दाबला गेला होता. हाड मोडलं नव्हतं. त्यांना बाहेर काढून दगडावर बसवलं. उजवा तळवा डाव्या हातावर ठेवून, डोळे मिटून बसले. मग तळवा थोडा वर सरकवला, पुन्हा थोडा खाली. पाऊस त्यांच्या तोंडावर पडत होता.

"बंद झालां," ते म्हणाले.

मी त्यांचा हात हातात घेतला. तो नुसता हात होता, आत काही वाजत नव्हतं. मला त्या वेळी तिथून पळून जावंसं वाटलं, हे लपवत नाही.

मळ्यातून माणसं चिखलाच्या पायांनी धावत वर आली. खुर्ची आणली, बांबू बांधले, आणि गुडघेदुखीचे, साठीचे, सगळे खांदे लागले. मी बांबूला हात घातला तर एकानं मला हळूच बाजूला केलं, तुम्हाला पाय ठेवायची सवय नाही म्हणाला. तो रागानं बोलला नव्हता. वाडीत त्या दिवशी किंवा नंतर कोणीही मला एका शब्दानं बोललं नाही. अनंतरावांनी शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

रत्नागिरीत डॉक्टरांनी मानेतून तात्पुरती नळी घालून त्या दिवसाचं काम भागवलं. हाताची जागा पुन्हा करायची तर ऑपरेशन लागणार होतं. विलासला फोन गेला. तो मुंबईहून आला आणि त्यानं कुणाशी वाद घातला नाही. ऑपरेशन तिकडेच करायचं आणि बाबा यापुढे तिकडेच राहायचे, एवढं त्यानं शांतपणे सांगितलं. त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं. असल्या जागा आपोआपही बंद पडतात, मनाला लावून घेऊ नका, असं डॉक्टर मला म्हणाले. विलासही म्हणाला की आज ना उद्या न्यायचंच होतं. लोक चांगले असतात, बोलतात चांगलं. माझ्या हाताला लागलेलं त्यानं जात नाही.

खुर्ची

नेण्याच्या आदल्या दिवशी आबांना सामान आवरायला आणि घर बघायला एकदा वाडीत आणलं होतं. त्याच दिवशी सगळ्या वाडीनं लावणी सोडून घाटी केली. मी खोरं घेऊन मोरीपासून सुरुवात केली. शेवाळ खरवडताना खालचा दगड हाताला लागतो. काचेसारखा गुळगुळीत. हातखंब्याच्या चिऱ्याचा तो भाऊ आहे हे सांगूनही कुणाला पटणार नाही. शेवाळाचा वास नखांत बसतो, दोन दिवस जात नाही.

दुसऱ्या सकाळी आबांना खुर्चीतून खाली नेलं. वळणावर त्यांनी हात वर करून खुर्ची थांबवायला लावली. झाप एकावर एक नीट आंथरलेले होते, चरातून पाणी खळखळत बाजूनं चाललं होतं. त्यांनी वरपासून खालपर्यंत सगळी वाट पाहून घेतली.

"घाटी बरी केलाव," ते म्हणाले. "अशीच ठेवा. माला परत यायचां हाय."

सगळे हो हो म्हणाले. मीही म्हणालो. रस्त्यावर विलासची गाडी उभी होती. मी त्यांना नमस्कार केला, तर त्यांनी माझा हात धरून मळ्याकडे बोट दाखवलं. गाडी एकदाही मळ्यात रुतली नाही हां पावणे, असं म्हणाले. त्यांना मला धीर द्यायचा होता. मी कराडला परतताना चिपळुणात थांबलो नाही. घाटात भजीवाल्यानं हात केला, त्यालाही टाळलं.

पुन्हा

कराडला आल्यावर मी अनंतरावांना फोन करून सांगितलं की मधल्या जातीचे टायर घेऊन येतो, हे उतरवून टाकू. "आता कशाला," ते म्हणाले. गडग्यावरून ओढून काढलेली जीप पडवीशेजारी ताडपत्री घालून उभी होती. घाटीची पाळीही बंद पडली होती. वर वाडीला जायला दुसरी एक पायवाट आहे, चालती माणसं तिकडून ये-जा करत. गाडीनं न्यायचं कोणी उरलं नव्हतं, मग दगड खरवडून कुणासाठी ठेवायचे. यात त्यांचं काही चुकलं नाही.

आणि श्रावणात एके दिवशी दुकानात आबांचा मला फोन आला. विलासचं घर कितव्या तरी मजल्यावर आहे, खिडकीतून समोरच्या बिल्डिंगच्या खिडक्या दिसतात, हातातली नवी जागा अजून तयार व्हायचीय, असं सगळं सांगितलं. मग विचारलं की या आठवड्याला झापांची पाळी कुणाच्या घरी आहे. माझ्या तोंडून निघून गेलं की तुमच्याच घरी. झाली का, म्हणाले. मी झाली म्हणालो, शुभांगीनं आणले झाप, वळण चांगलं भरून घेतलं. त्यांना फार बरं वाटलं. फोन ठेवल्यावर मला दुकानात बसवेना. निदान बोललो ते तरी खरं व्हावं, म्हणून दुसऱ्या सकाळी एसटीत बसलो.

कुंभार्ली उतरताना या वेळी मी खिडकीतून नुसता हिरवा रंग बघत होतो. हातखंब्याला उतरून खोरं विकत घेतलं. शुभांगीला आधी कळवलं नव्हतं. मी मोरीपाशी खरवडायला लागलो तेव्हा तिला कोणीतरी जाऊन सांगितलं, आणि ती छत्री टाकून खाली आली. पदर खोचला आणि परसातले झाप ओढून आणायला लागली. थोड्या वेळानं अनंतराव आले, चरात उतरले. लावणी संपलेली होती, भात पोटरीला लागलं होतं, त्यामुळे आणखी दोनतीन घरची माणसंही आली. दुपारपर्यंत वळण झालं. दगड पुन्हा लाल दिसायला लागले. मला इतकं समाधान वाटलं की मी पाऊस पडत असतानाच मधोमध बसून राहिलो.

शुभांगीनं फोटो काढून विलासच्या फोनवर पाठवला. आम्ही पडवीत पाय धुवत होतो तेव्हा आबांचा फोन आला. तिनं तो माझ्याकडे दिला. त्यांनी फोटो नीट बघितला होता, कडेला मोकळा झालेला चरसुद्धा त्यांच्या नजरेतून सुटला नव्हता. त्यांचा आवाज कितीतरी दिवसांनी पहिल्यासारखा वाटला.

"घाटी झाली ना पावणे?" ते म्हणाले. "मंग माला न्यायाला कधी येताव?"

मी पडवीशेजारच्या जीपकडे पाहिलं. ताडपत्रीखालून एकच चाक दिसत होतं, ठोकळे अजून नवेकोरे. मी फोन अनंतरावांच्या हातात दिला.